अध्यक्षपदाची पात्रता तपासायची कोणी?

अमेरिकेच्या राज्यघटनेची बाविसावी दुरुस्ती फेब्रुवारी 1951 मध्ये मंजूर झाली. कोणतीही व्यक्ती अध्यक्षपदावर दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येणार नाही, असे ती सांगते. डोनाल्ड ट्रम्प 2016 मध्ये निवडून आले, 2024 मध्ये पुन्हा निवडून आले. मार्च 2025 मध्ये एनबीसीला दिलेल्या मुलाखतीत तिसऱ्या कारकिर्दीबद्दल आपण गमतीने बोलत नाही असे त्यांनी सांगितले आणि तेव्हापासून हा वाद पेटता आहे. एक बाजू म्हणते, घटनेत इतके स्वच्छ लिहिले आहे, मग घाबरायचे कशाला? दुसरी म्हणते, ट्रम्प यांचे नाव मतपत्रिकेवरून वगळण्याच्या कोलोरॅडोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे हात बांधून टाकले, आता कोणी काही करू शकत नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या तोंडूनही हीच दोन मते ऐकू येतात. दोन्ही मते चुकीची आहेत आणि त्यांतला बेफिकीरपणा मला जास्त काळजीत टाकतो. घटनेतले कलम स्वतः उठून कोणाला अडवत नाही. ते कोणत्या तरी कार्यालयात, कोणत्या तरी तारखेला, कोणी तरी माणसाने लागू करावे लागते. अमेरिकेत ते कार्यालय आजही राज्याचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने घटनेतल्या पात्रतेच्या अटी पूर्ण केल्या आहेत की नाहीत, हे मतपत्रिका छापण्यापूर्वी तपासण्याचा अधिकार राज्यांना असायलाच हवा. नवी अट घालण्याचा अधिकार त्यांना नको, आहे त्या अटीचा सोयीचा अर्थ लावून तो शेवटचा मानण्याचाही नको. शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असावा, आणि तो वेळेवर यावा. 4 मार्च 2024 रोजी ‘ट्रम्प विरुद्ध अँडरसन’ या कोलोरॅडोच्याच खटल्यातल्या निकालाने नेमकी ही जबाबदारी टाळली. निकाल ट्रम्प यांच्या बाजूने लागला म्हणून मी हे म्हणत नाही. न्यायालयाने कागदपत्रे पाहून, कायद्याचा अर्थ लावून, ट्रम्प पात्र आहेत असे सांगितले असते तरी ते मला मान्य झाले असते. त्यांनी प्रश्नाचे उत्तरच दिले नाही, आणि उत्तर देण्याची जागा मात्र बंद करून टाकली.

भारतीय वाचकाची इथे एक अडचण होते. आपल्याकडे घटनेच्या 324व्या कलमाने एक निवडणूक आयोग दिला. निवडणूक निर्णय अधिकारी अर्जांची छाननी करतो आणि अपात्र उमेदवाराचा अर्ज तिथेच फेटाळतो. अमेरिकेत अशी देशव्यापी यंत्रणा नाही. तिथे अध्यक्षाची निवडणूक म्हणजे पन्नास राज्यांच्या आणि राजधानीच्या वेगवेगळ्या निवडणुका. घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार प्रत्येक राज्य आपले निर्वाचक, म्हणजे अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, आपल्या विधिमंडळाने ठरवलेल्या पद्धतीने नेमते. मतपत्रिका राज्य छापते, अर्जाची मुदत राज्य ठरवते, सह्या किती लागतील तेही राज्यच ठरवते. 1892 च्या मिशिगनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार फार व्यापक असल्याचे मान्य केले. 2020 मध्ये तर याच न्यायालयाने असे ठरवले की मतदारांनी दिलेला कौल डावलून भलत्यालाच मत देणाऱ्या निर्वाचकाला राज्य दंड करू शकते, त्याच्या जागी दुसरा नेमू शकते. त्या वेळी एक प्रकरण वॉशिंग्टन राज्याचे होते आणि दुसरे कोलोरॅडोचेच. निर्वाचकाने कोणाला मत द्यायचे हे राज्य ठरवू शकते. ते मत ज्याला जाणार तो पद घेण्यास पात्र आहे का, हे विचारू शकत नाही. हे तर्कात कसे बसते?

कोलोरॅडोत काय घडले होते ते नीट पाहायला हवे, कारण वाद घालणारे बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत. चौदावी दुरुस्ती 1868 ची, यादवी युद्धानंतरची. तिचे तिसरे कलम म्हणते की घटनेशी निष्ठेची शपथ घेऊन नंतर ज्याने तिच्याविरुद्ध बंडात भाग घेतला, त्याला पुन्हा पद धारण करता येणार नाही. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश मतांनी ही अपात्रता उठवू शकतात. 6 जानेवारी 2021 रोजी ट्रम्प समर्थकांनी कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदभवनावर, केलेल्या हल्ल्याच्या आधारे कोलोरॅडोतल्या सहा मतदारांनी ट्रम्प यांचे नाव मतपत्रिकेवर येऊ नये म्हणून दावा लावला. ते सगळे रिपब्लिकन किंवा अपक्ष मतदार होते. त्यांतल्या नॉर्मा अँडरसन या राज्याच्या विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या राहिल्या होत्या. डेन्व्हरच्या जिल्हा न्यायालयात पाच दिवस सुनावणी झाली. ट्रम्प यांच्या वकिलांनी साक्षीदार आणले, उलटतपासणी घेतली. न्यायाधीश सारा वॉलेस यांनी ठरवले की ट्रम्प यांनी बंडात भाग घेतला, पण या कलमाच्या कक्षेत अध्यक्षपद येत नाही. 19 डिसेंबर 2023 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरा भाग उलटवला, चार विरुद्ध तीन मतांनी. सातही न्यायाधीश डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनी नेमलेले होते आणि तरी तिघांनी विरोधात मत दिले. ज्यांना हा डेमोक्रॅटिक पक्षाचा कट वाटतो त्यांनी या तीन मतांचे काय करायचे ते सांगावे.

मेनचे प्रकरण मात्र मी या रांगेत बसवणार नाही. तिथे राज्याच्या निवडणुकांचा कारभार पाहणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट शेना बेलोज यांनी 28 डिसेंबरला ट्रम्प यांना अपात्र ठरवले. मेनच्या कायद्यात पहिला निर्णय त्यांचाच असतो आणि त्यावर न्यायालयात अपील होते, हे खरे. पण इतका गंभीर प्रश्न एका पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याच्या टेबलावर पहिल्यांदा सुटावा हे मला पटत नाही. राज्यांचा अधिकार मान्य करणे म्हणजे प्रत्येक राज्याची पद्धत चांगली म्हणणे नव्हे. कोलोरॅडोची पद्धत चांगली होती, मेनची कच्ची होती, आणि दोघांना एकाच मापाने मोजण्यामुळे ही चर्चा नासली.

आता विरोधी बाजूचे सगळ्यात भक्कम मुद्दे घेऊ. 8 फेब्रुवारी 2024 च्या सुनावणीत न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विचारले की देशाचा अध्यक्ष कोण व्हावा हे एका राज्याने का ठरवावे? सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांची भीती सुडाची होती: आज कोलोरॅडोने एकाला वगळले, उद्या दुसरी राज्ये दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला वगळतील आणि निवडणूक मूठभर राज्यांच्या हाती जाईल. ही भीती काल्पनिक नव्हती. मिसुरीचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जे ॲशक्रॉफ्ट यांनी जानेवारीतच तसा जाहीर इशारा दिला होता. तिसरा मुद्दा इतिहासाचा. चौदावी दुरुस्ती राज्यांना वेसण घालण्यासाठी आली. बंडखोर राज्यांनाच तिच्या बळावर देशाचा अध्यक्ष निवडण्याच्या कामात ढवळाढवळ करता येईल असे 1868 च्या लोकांच्या मनात तरी असेल का? नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी कोलोरॅडोचा निर्णय रद्द केला, केगन, सोटोमायोर आणि जॅक्सन या तिघा उदारमतवादी न्यायमूर्तींनीही. ज्यांना ट्रम्प यांच्याबद्दल काडीची सहानुभूती नाही अशा न्यायमूर्तींनाही राज्यांचा हा अधिकार धोक्याचा वाटला, ही गोष्ट मी हलक्यावर घेत नाही.

इतिहासात या भीतीला आधार आहे, आणि तो आणखी खोल आहे. 1948 मध्ये हॅरी ट्रूमन हे पदावर असलेले अध्यक्ष आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिकृत उमेदवार होते. अलाबामात त्यांना मत देण्याची सोयच नव्हती, कारण तिथल्या पक्षाचे निर्वाचक वंशभेदवादी स्ट्रॉम थर्मंड यांना बांधलेले होते. 1964 मध्ये त्याच राज्यात लिंडन जॉन्सन यांच्या वाट्याला तेच आले. 1912 मध्ये तर कॅलिफोर्नियात रिपब्लिकन पक्षाची जागा थिओडोर रूझवेल्ट यांच्या लोकांनी पटकावली आणि पदावर असलेले अध्यक्ष टाफ्ट त्या मतपत्रिकेवर नव्हतेच. मतपत्रिका हातात असलेला माणूस मतदाराचा हक्क कसा गिळतो, याचे हे पुरावे आहेत.

पण या तीनही घटनांकडे नीट पाहा. यांतल्या एकाही उमेदवाराला अपात्र ठरवले गेले नव्हते. ट्रूमन, जॉन्सन, टाफ्ट पात्र आहेत याबद्दल कोणाला शंका नव्हती. ही सगळी करामत पक्षयंत्रणेची आणि निर्वाचकांच्या यादीची होती. घटनेतली कोणतीही अट तपासण्याचा त्यात प्रश्न आला नाही. या वादात लिंकन यांचे उदाहरण तर सर्रास दिले जाते, की 1860 मध्ये दक्षिणेने त्यांचे नाव मतपत्रिकेवरून काढले आणि देश फुटला. त्या काळी राज्य मतपत्रिका छापतच नव्हते. पक्ष आपापली चिठ्ठी छापून वाटायचे आणि मतदार ती पेटीत टाकायचा. दक्षिणेत रिपब्लिकन पक्षाची संघटनाच नव्हती, चिठ्ठी वाटणाऱ्याच्या जिवाला धोका होता, म्हणून नऊ राज्यांत लिंकन यांच्या नावे एकही मत पडले नाही. दक्षिण कॅरोलिनात तर निर्वाचक विधिमंडळच नेमत असे. राज्याने छापलेल्या मतपत्रिकेचा कायदा मॅसॅच्युसेट्सने केला तो 1888 मध्ये. म्हणजे 1860 ची गोष्ट दहशतीची आहे, पात्रता तपासण्याची नाही. आणि 1888 नंतर बदललेली गोष्ट हीच की मतपत्रिका सरकारी कागद झाली. सरकारने अधिकृत म्हणून छापलेल्या कागदावर घटनेने मना केलेल्या माणसाचे नाव छापायचे की नाही, हा प्रश्न तेव्हापासून राज्यापुढे आहे.

राज्ये आजवर त्याचे उत्तर देतही आली आहेत, कुठलाही गाजावाजा न होता. 1968 मध्ये ब्लॅक पँथर चळवळीतले एल्ड्रिज क्लीव्हर उमेदवार होते, वय 33. घटनेला 35 लागते. कॅलिफोर्नियाने त्यांचे नाव छापले नाही. 2012 मध्ये त्याच राज्याने 27 वर्षांच्या पेटा लिंडसे यांना वगळले आणि फेडरल अपील न्यायालयाने ते योग्य ठरवले. त्याच वर्षी कोलोरॅडोने अब्दुल करीम हसन यांना नकार दिला. ते जन्माने नव्हे तर नंतर झालेले नागरिक. अपील न्यायालयाने लिहिले की पद घेण्यास घटनेने मनाई असलेल्या उमेदवाराला मतपत्रिकेवरून वगळण्यात राज्याचे रास्त हित आहे. तो निकाल लिहिणारे न्यायाधीश होते नील गोर्सच, पुढे ट्रम्प यांनीच सर्वोच्च न्यायालयावर नेमलेले. जन्माने नागरिक असण्याची हीच अट मराठी माणसाच्या ओळखीच्या एका नेत्यालाही लागू होते. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात गेले, पण अध्यक्ष होऊ शकत नाहीत. ही अट मला स्वतःला अन्यायाची वाटते. ती बदलायची तर घटनादुरुस्ती करायला हवी. कोणी लोकप्रिय आहे म्हणून ती डोळ्याआड करता येत नाही. अर्नोल्ड श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचे दोनदा गव्हर्नर झाले. त्यांना अध्यक्षपदाची वाट बंद आहे म्हणून लोकशाही बुडाली असे कोणी म्हटले नाही.

‘लोकांनाच ठरवू द्या’ हे वाक्य म्हणूनच मला पोकळ वाटते. लोकांनी ठरवलेच आहे. 35 वर्षांची अट, दोन वेळांची मर्यादा, बंडखोराला बंदी, हे सगळे लोकांच्या प्रतिनिधींनी साध्या बहुमतापेक्षा कितीतरी मोठ्या बहुमताने घटनेत लिहिले. एका नोव्हेंबरातले बहुमत त्याच्यावर मात करू शकत असेल तर ते घटनेत लिहिण्याची गरज काय होती?

राज्यागणिक वेगवेगळे निकाल लागतील, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप. तो ऐकताना मला प्रामाणिकपणे नवल वाटते. निकाल आला 4 मार्चला. दुसऱ्या दिवशी, 5 मार्चला, पंधरा राज्यांत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुका, होत्या. त्यांतल्या मिनेसोटा आणि व्हरमाँटच्या डेमोक्रॅटिक मतपत्रिकांवर तुर्कस्तानात जन्मलेले, नंतर नागरिक झालेले जेंक उईगर यांचे नाव छापलेले होते. इतर काही राज्यांनी ते नाकारले होते. 2004 मध्ये सोशालिस्ट वर्कर्स पक्षाचे निकाराग्वात जन्मलेले रॉजर कालेरो काही राज्यांच्या मतपत्रिकांवर होते, तर इतर काही राज्यांत त्यांच्याऐवजी जेम्स हॅरिस यांचे नाव होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांना राहण्याचा पत्ता खोटा दिला म्हणून वगळले. बाकी अनेक राज्यांत ते राहिले. नेव्हाडात ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन चुकीच्या नमुन्याच्या अर्जांमुळे बाहेर पडल्या. पत्त्यावरून, नमुन्यावरून, सह्यांच्या संख्येवरून राज्यागणिक वेगळा निकाल चालतो. घटनेतल्या अटीवरून चालत नाही? आणि घटनेतल्या अटीच्या बाबतीत तर हा फरक कायम राहण्याचे कारणच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने एकदा सांगितले असते की अध्यक्ष या कलमाच्या कक्षेत येतो किंवा येत नाही, 6 जानेवारीचे प्रकरण बंडात मोडते किंवा मोडत नाही, तर पन्नासही राज्यांना तेच लागू झाले असते. मिसुरीच्या सुडालाही तोच बांध बसला असता. वेगवेगळे निकाल एका सूत्रात आणणे हेच तर त्या न्यायालयाचे काम. वेगवेगळे निकाल येतील म्हणून अपील ऐकणाऱ्याने प्रश्नच रद्द करावा, हे मी दुसऱ्या कुठल्या कायद्याच्या क्षेत्रात पाहिलेले नाही.

केगन यांचा प्रश्न भारतीय माणसाला अनोळखी वाटू नये. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवड रद्द केली आणि त्यांना सहा वर्षांसाठी अपात्र ठरवले. एका राज्यातल्या एका न्यायमूर्तीने देशाच्या पंतप्रधानांचे भवितव्य का ठरवावे, हा सवाल तेव्हाही मोठ्या त्वेषाने विचारला गेला होता. आपली न्यायव्यवस्था एकसंध आहे, अमेरिकेची राज्यागणिक वेगळी, हा फरक मान्य. पण पुढे काय झाले ते आठवा. 25 जूनच्या रात्री आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती झाली, तिने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली आणि राष्ट्रपतींच्या निवडणुकीचे वादही संसदेच्या कायद्याने ठरेल त्या प्राधिकरणाकडे सोपवण्याची सोय केली. युक्तिवाद हाच, की इतक्या उच्च पदाचा निर्णय सामान्य न्यायालयाने करायचा नसतो. नोव्हेंबर 1975 मध्ये, आणीबाणी चालू असताना, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधानांना वाचवणारा तो भाग घटनेच्या मूलभूत चौकटीविरुद्ध म्हणून रद्द केला. त्याच निकालात बदललेल्या कायद्याच्या आधारे इंदिरा गांधींची निवड कायम ठेवली, हेही सांगायला हवे. न्यायालयाने तेव्हा मला आवडणारा निकाल दिला नाही. पण पदाची उंची हे न्यायालयाचे दार बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही, हे तत्त्व त्यांनी सांभाळले. अमेरिकेत ते दार न्यायालयाने स्वतःच्या हाताने लावून घेतले.

कारण ‘ट्रम्प विरुद्ध अँडरसन’मधल्या पाच न्यायमूर्तींनी राज्यांना नाही म्हणण्यापाशी थांबणे नाकारले. फेडरल पदांसाठी हे कलम लागू करायचे तर काँग्रेसने तसा कायदा करायला हवा, असे त्यांनी सांगितले. न्यायमूर्ती बॅरेट यांनाही इतके पुढे जाण्याची गरज वाटली नाही. तिघा उदारमतवादी न्यायमूर्तींनी यावर जो आक्षेप घेतला तो मला बिनतोड वाटतो: अपात्रता उठवायला दोन्ही सभागृहांची दोन तृतीयांश मते लागतात असे कलम म्हणते, मग कायदाच न करून साध्या बहुमताने, किंवा नुसत्या आळसाने, तीच अपात्रता निष्प्रभ करता येत असेल तर दोन तृतीयांशांना अर्थ काय उरला? काँग्रेसने 1870 मध्ये अशा पदधारकांना हटवण्याचा कायदा केला होता, आणि 1948 च्या साफसफाईत तो रद्द झाला. आज तसा कायदा नाही. म्हणजे न्यायालयाने किल्ली अशा हाती दिली ज्याच्याकडे कुलूपच नाही. आणि तेच कलम राज्याच्या पदांना राज्यांनी लावायचे! न्यू मेक्सिकोच्या ओटेरो काउंटीचा एक आयुक्त 6 जानेवारीच्या प्रकरणात 2022 मध्ये पदावरून काढला गेला, आणि कोलोरॅडोच्या निकालानंतर दोन आठवड्यांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील ऐकायला नकार दिला. काउंटीच्या आयुक्ताला जे बंधन, ते देशाच्या अध्यक्षाला नाही.

एक मुद्दा अजून राहिला, आणि तो कायद्याच्या दृष्टीने सर्वांत बारीक आहे. तिसरे कलम पद धारण करायला मनाई करते, निवडणूक लढवायला नाही. निवडून आल्यावर काँग्रेस अपात्रता उठवू शकते, मग आधी अडवायचे कसे? ज्यो बायडेन 7 नोव्हेंबर 1972 रोजी सिनेटवर निवडून आले तेव्हा ते 29 वर्षांचे होते. 20 नोव्हेंबरला तीस पूर्ण झाली आणि ते पात्र झाले. निवडणुकीच्या दिवशी अपात्र असलेला माणूस शपथेच्या दिवशी पात्र असू शकतो, हे खरे आहे. पण वाढदिवस ठरल्या तारखेला येतोच. दोन तृतीयांश मते तशी येत नाहीत. ती मिळतील असे धरून चालण्याचा हक्क कोणालाही नाही. यादवीनंतर उत्तर कॅरोलिनाने 1870 मध्ये झेब्युलन व्हान्स यांना सिनेटवर निवडले, सिनेटने त्यांना बसू दिले नाही. 1872 मध्ये माफीचा कायदा झाला तेव्हाच बहुतेक बंडखोरांना वाट मोकळी झाली, आणि त्यानंतर बंडखोर राजवटीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स पुन्हा प्रतिनिधिगृहात आले. आधी माफी, मग पद, असा तो क्रम होता.

शिवाय आधी तपासायचे नसेल तर नंतर कधी? नंतर म्हणजे 6 जानेवारी. त्या दिवशी काँग्रेस निर्वाचकांची मते मोजते. 1872 च्या निवडणुकीनंतर होरेस ग्रीली वारले तरी जॉर्जियाच्या तीन निर्वाचकांनी त्यांनाच मते दिली आणि काँग्रेसने ती मोजली नाहीत. ती तीन मते होती, निकालावर परिणाम नव्हता. उद्या कोट्यवधी मतांनी निवडून आलेल्या माणसाची मते पात्रतेच्या कारणाने बाजूला ठेवायची की नाही, हे 435 आणि 100 राजकारण्यांनी ठरवायचे, आणि बाहेर 2021 सारखा जमाव उभा असेल? या मतमोजणीच्या 2022 च्या सुधारणा कायद्याने आक्षेपासाठी दोन्ही सभागृहांच्या एक पंचमांश सदस्यांचा पाठिंबा आवश्यक केला. तेवढा पाठिंबा एका कट्टर गटाला सहज मिळू शकतो. मतदानापूर्वी चार-सहा महिने, पुरावे आणि उलटतपासणीसह, शांत न्यायदालनात हा प्रश्न सुटलेला बरा की तेव्हा?

भारतीय वंशाच्या लोकांना या बाबतीत एक खास भीती वाटते आणि ती मला समजते. जानेवारी 2024 मध्ये ट्रम्प यांनी निक्की हेली यांच्याबद्दल असा दावा पसरवला की त्यांच्या जन्माच्या वेळी आईवडील नागरिक नव्हते, म्हणून त्या अपात्र. ओबामा यांच्या जन्मदाखल्यावरून 2011 मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळाने उमेदवाराकडून जन्माचा पुरावा मागणारे एक विधेयक मंजूर केले होते. ते तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनीच नाकारले. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्व आकसणारा आदेश काढला. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एच-वन-बी व्हिसावर असलेल्या मराठी जोडप्याच्या पोटी जन्मलेली मुलगी चाळीस वर्षांनी उमेदवार झाली आणि एखाद्या राज्याने तिला जन्मसिद्ध नागरिक मानायला नकार दिला तर? मग तिला काय हवे असेल याचा विचार करा. तिला वेळेवर सुनावणी आणि वॉशिंग्टनमधून सगळ्या राज्यांना बांधणारा एक निकाल हवा असेल. 1898 च्या वाँग किम आर्क यांच्या खटल्याने अमेरिकेत जन्मलेल्या चिनी मुलाचे नागरिकत्व असेच एकदाचे नक्की केले होते. राज्यांना अधिकारच नाही असे म्हटल्याने तिच्यावरचा आरोप मिटत नाही. तो काँग्रेसच्या सभागृहात जाऊन पडतो, जिथे पुरावा ऐकण्याची सक्ती कोणावर नाही.

राज्यांच्या अधिकाराला हद्द हवी, आणि ती न्यायालयांनी आधीच आखलेली आहे. आर्कान्सॉने काँग्रेसच्या सदस्यांवर मुदतीची मर्यादा घातली, ती 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण ती घटनेत नसलेली नवी अट होती. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने प्रायमरीत उतरायचे तर आयकराची विवरणपत्रे द्या असा कायदा केला. राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो मोडीत काढला. तेही मला योग्य वाटते, विवरणपत्रे दाखवावीत असे माझे मत असूनही. ओहायोने 1968 मध्ये सवाचार लाखांहून जास्त सह्या आणि अतिशय लवकरची मुदत ही अट लावून जॉर्ज वॉलेस यांच्या पक्षाला मतपत्रिकेपासून दूर ठेवले, तीही टिकली नाही. वॉलेस यांचे वंशद्वेषी राजकारण किळसवाणे होते. पण ते पात्र होते.

म्हणून 2028 चे बोलताना ‘राज्ये काही करू शकत नाहीत’ हे कोणी सांगू लागले तर त्यांनी निकाल पुन्हा वाचावा. तो चौदाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमापुरता आहे. वय, जन्म आणि दोन वेळांची मर्यादा यांबद्दल त्यात बंदी नाही, आणि गोर्सच यांचा 2012 चा निकाल अजून कोणी उलटवलेला नाही. दोनदा निवडून आलेल्या माणसाचा अर्ज 2027 च्या शेवटी एखाद्या राज्यात दाखल झाला तर तिथल्या अधिकाऱ्याने तो नाकारावा, मतदारांना आणि उमेदवाराला राज्याच्या न्यायालयात सुनावणी मिळावी, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रायमरी सुरू होण्याआधी सगळ्या राज्यांसाठी एकच उत्तर द्यावे. काँग्रेसला खरोखर काही करायचे असेल तर या अपिलांना ठरावीक दिवसांची मुदत घालून द्यावी. मेनसारख्या राज्यांनी पहिला निर्णय पक्षाच्या पदाधिकाऱ्याकडून काढून न्यायालयाकडे द्यावा. हे बदल आत्ता करता येतात, कारण आत्ता कोणाचा अर्ज टेबलावर नाही.